घरगुती वाइन

घरगुती वाइन : द्राक्षे किंवा अन्य गोड फळे, फुले व कंदमुळे यांचा रस घरच्या घरी आंबवून, विक्रीसाठी नव्हे तर कुटुंबाच्या व पाहुण्यांच्या उपयोगासाठी तयार केलेले सौम्य मद्य. केवळ ‘वाइन’ म्हटल्यास द्राक्षांपासून केलेले मद्य अभिप्रेत असते. अन्य पदार्थांपासून केलेल्या वाइनला त्या त्या पदार्थाच्या नावाने, उदा., सफरचंद वाइन, आल्याची वाइन, जांभळाची वाइन असे ओळखतात. वाइन केवळ किण्वनाने (आंबविण्याच्या क्रियेने) बनते. ब्रँडी, फेणी किंवा मोहाची दारू यांप्रमाणे तिचे ऊर्ध्वपातन केलेले नसते. म्हणून भट्टी, नळी किंवा विशेष उपकरणे यांची तिला गरज लागत नाही. या साधेपणामुळेच वाइननिर्मिती हा मानवाच्या सर्वांत जुन्या गृहोद्योगांपैकी एक ठरला आणि याच साधेपणामुळे करवसुली करणाऱ्या व दारूबंदी करू पाहणाऱ्या राज्यसंस्थांना तो नियंत्रणात आणणे अवघड गेले. घरगुती वाइनचा इतिहास हा बऱ्याच अंशी घराचा उंबरठा आणि राज्याचा अधिकार यांच्या सीमेचा इतिहास आहे.

कृती : द्राक्षांच्या रसात द्राक्षशर्करा व फलशर्करा असतात. सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी हे यीस्ट या शर्करांचे विघटन करून एथिल अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड वायू निर्माण करते. यीस्टच्या काही जाती फळांच्या सालींवर व द्राक्षे हाताळण्याच्या भांड्यांवर निसर्गतः असतात. त्यामुळे चुरडलेली द्राक्षे उबदार जागी झाकून ठेवली, तर एकदोन दिवसांत ती आपोआप फसफसू लागतात. एक लिटर रसातील सु. १७ ग्रॅ. शर्करेपासून एक टक्का अल्कोहॉल बनते. म्हणजे सु. २२ टक्के शर्करा असलेल्या पक्व द्राक्षांपासून बारा ते तेरा टक्के अल्कोहॉल असलेली वाइन मिळते. अल्कोहॉलचे प्रमाण चौदा-पंधरा टक्क्यांवर गेले की बहुतेक यीस्ट निष्क्रिय होतात व किण्वन मंदावून थांबते.

तांबडी वाइन करताना द्राक्षे देठांपासून सोडवून चुरडतात व सालींसह रुंद तोंडाच्या भांड्यात पाच ते सात दिवस आंबवितात. वर तरंगणारा सालींचा थर दिवसातून दोनतीन वेळा खाली दाबावा लागतो. रंग व तुरटपणा सालींतून उतरतो. पांढऱ्या वाइनसाठी मात्र रस आरंभीच गाळून घेतात. जोराचे किण्वन ओसरल्यावर चोथा पिळून काढतात आणि रस अरुंद तोंडाच्या बुधल्यात भरतात. बुधल्याच्या बुचातून काढलेल्या वाकड्या नळीत पाणी असते. त्यामुळे आतील वायू बाहेर जातो, पण हवा आत शिरत नाही. ही काळजी महत्त्वाची असते. हवा मिळाल्यास ॲसिटिक जंतू अल्कोहॉलचे ॲसिटिक अम्लात रूपांतर करतात व वाइनचे शिर्के (व्हिनेगर) होते. पुढील काही महिन्यांत तळाशी साका बसतो. त्यावरची निवळ वाइन दोनतीन वेळा निथळून घेऊन मग बाटल्यांत भरतात. शंभर किग्रॅ. द्राक्षांपासून साधारणपणे साठ ते सत्तर लि. वाइन मिळते. आले, बीट किंवा फुले यांत पुरेशी शर्करा नसल्याने साखर घालावी लागते; मनुका घातल्या तर शर्करेबरोबरच यीस्टला लागणारी पोषक द्रव्येही मिळतात. भांड्यांची स्वच्छता व गंधकाच्या संयुगांचा अल्प वापर हे वाइन टिकविण्याचे मुख्य उपाय होत. वाइन का बिघडते, याची शास्त्रीय मीमांसा फ्रेंच शास्त्रज्ञ लूई पाश्चर यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केली. तोपर्यंत ही कला अनुभवावरच चालत होती.

प्राचीन काळ : वाइनचे आजवर उपलब्ध झालेले सर्वांत प्राचीन पुरावे घरांतलेच आहेत. इराणच्या वायव्य भागातील हाजी फिरूझ टेपे या नवाश्मयुगीन वसाहतीत एका घराच्या स्वयंपाकाच्या जागेत प्रत्येकी सु. ९ लि. क्षमतेचे सहा मातीचे रांजण पुरलेले आढळले. त्यांतील अवशेषांत द्राक्षांचे निदर्शक असे टार्टारिक अम्ल व टिकाऊपणासाठी मिसळलेला वृक्षराळ आढळल्याचे १९९६ मध्ये जाहीर झाले. हे रांजण इ. स. पू. सु. ५४०० ते ५००० या काळातील आहेत. २०१७ मध्ये जॉर्जिया देशातील मृत्पात्रांच्या परीक्षणावरून हा काळ इ. स. पू. सु. ६००० पर्यंत मागे गेला. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या क्वेव्री या अंड्याच्या आकाराच्या मोठ्या रांजणांत वाइन आंबविण्याची प्रथा खेडोपाडी टिकून राहिली. यूनेस्कोने २०१३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिचा अंतर्भाव केला.

रोमन मुत्सद्दी केटो (थोरला) याने इ. स. पू. दुसऱ्या शतकात शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात शेतावरील गुलामांना हिवाळ्यात देण्याच्या हलक्या वाइनची कृती दिली आहे. तीत द्राक्षरसात शिर्के, आटविलेला रस, गोडे पाणी व समुद्राचे पाणी मिसळण्यास सांगितले आहे. मालकाच्या व गुलामाच्या पेल्यांतील अंतर एकाच घरात कसे राखले जाई, हे यावरून दिसते.

भारतात कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याच्या निर्मितीवर व विक्रीवर देखरेख करणाऱ्या सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात द्राक्षरसापासून केलेल्या मद्याला ‘मधु’ म्हटले असून, त्याचे कापिशायन व हारहूरक असे प्रदेशांवरून पडलेले दोन प्रकार सांगितले आहेत. मद्यनिर्मिती राज्याच्या नियंत्रणाखाली असली, तरी कुटुंबातील कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्टे तयार करण्यास गृहस्थांना मुभा होती. उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगी चार दिवसांची सवलत दिली जाई. राज्याचा महसूल अबाधित ठेवून घरासाठी एक मर्यादित अपवाद करावयाचा, ही पुढे अनेक देशांनी अनुसरलेली तडजोड येथे स्पष्टपणे आढळते.

इंग्लंड : इंग्लंडच्या थंड हवेत द्राक्षे चांगली पिकत नाहीत आणि फ्रेंच वाइन जकातीमुळे व युद्धांमुळे महाग पडे. त्यामुळे तेथील गृहिणींनी एल्डर झुडपाची फळे व फुले, गूजबेरी, काउस्लिपची फुले, आले व आयात बेदाणे यांपासून वाइन करण्याची परंपरा वाढविली. हॅना ग्लास या लेखिकेच्या १७४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाककृतींच्या लोकप्रिय ग्रंथात अशा वाइनच्या कृती मुरंबे व लोणची यांच्या बरोबरीने आढळतात. घरगुती बिअरसाठी मात्र १८८० पासून परवाना आवश्यक होता. ही अट १९६३ मध्ये रद्द झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर साखरेचे नियंत्रण १९५३ मध्ये उठताच घरगुती वाइनच्या छंदाला बहर आला व गावोगावी हौशी मंडळींचे संघ स्थापन झाले. सी. जे. जे. बेरी यांचे १९६० मधील प्राथमिक मार्गदर्शनपर पुस्तक या चळवळीत विशेष लोकप्रिय ठरले.

अमेरिकेतील दारूबंदी : घरगुती वाइनच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडले. संविधानाची अठरावी दुरुस्ती १६ जानेवारी १९१९ रोजी संमत होऊन एका वर्षाने, १७ जानेवारी १९२० पासून, अंमलात आली. तिने मादक पेयांची निर्मिती, विक्री व वाहतूक निषिद्ध केली; प्राशन निषिद्ध केले नाही. दुरुस्तीच्या अंमलबजावणीसाठी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने २८ ऑक्टोबर १९१९ रोजी व्होल्स्टेड कायदा केला. त्यात अर्धा टक्का वा अधिक अल्कोहॉल असलेले पेय मादक ठरविले होते. ही व्याख्या इतकी कडक होती, की सौम्य बिअरही तीतून सुटली नाही.

तथापि याच कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात, केवळ स्वतःच्या घरातील उपयोगासाठी ‘अमादक’ सफरचंदरस व फळांचे रस तयार करणाऱ्यांना कायद्यातील शिक्षा लागू होणार नाहीत, अशी तरतूद होती. दारूबंदीचा मुख्य आधार ग्रामीण भागात होता आणि तेथील शेतकरी-कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सफरचंदाचा रस पिंपात साठवून हिवाळाभर पीत असत. हा रस काही आठवड्यांत आपोआप आंबतो. आपल्याच पाठीराख्यांना गुन्हेगार ठरविणे दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांना परवडणारे नव्हते. शिवाय ज्या घरात मद्याची बेकायदा विक्री होत नाही, अशा राहत्या घराच्या झडतीचे अधिपत्र देण्यास त्याच कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने मनाई केली होती.

‘अमादक’ म्हणजे काय, याची व्याख्या या कलमात नव्हती. घरगुती रसालाही अर्ध्या टक्क्याची मर्यादा लागू आहे, की तो रस प्रत्यक्षात नशा आणतो हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, हा वाद उपस्थित झाला. १९२० मध्येच महसूल खात्याने दुसरा अर्थ स्वीकारला. पुढे मेरिलंडचे काँग्रेस-सदस्य जॉन फिलिप हिल यांनी या प्रश्नाचा निकाल लागावा म्हणून बॉल्टिमोर येथील आपल्या घरी उघडपणे वाइन व सफरचंदाचे मद्य तयार केले आणि आपण होऊन दारूबंदी खात्याला तसे कळविले. १९२४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. पेय प्रत्यक्षात मादक होते किंवा कसे, हे ज्यूरीने ठरवावे, असे न्यायाधीश मॉरिस सोपर यांनी सांगितले व ज्यूरीने हिल यांना निर्दोष ठरविले. व्यवहारात याचा अर्थ घरगुती वाइनला मोकळीक असाच झाला. महसुली नियमांनुसार कुटुंबप्रमुखाला वर्षाला २०० गॅलनपर्यंत (सु. ७६० लि.) वाइन करमुक्त होती.

या मोकळिकीचा लाभ सर्वाधिक घेतला, तो न्यूयॉर्क, शिकागो आदी शहरांतील इटालियन व अन्य दक्षिण यूरोपीय स्थलांतरितांनी. शरद ऋतूत कॅलिफोर्नियातून द्राक्षांच्या आगगाड्या पूर्वेकडील शहरांत येत आणि रेल्वेच्या आवारातच त्यांचे लिलाव होत. दारूबंदीमुळे द्राक्षमळे बुडतील, अशी बागाईतदारांची भीती होती. प्रत्यक्षात द्राक्षांचे भाव अनेक पटींनी वाढले आणि कॅलिफोर्नियातील द्राक्षलागवडीचे क्षेत्र १९२० नंतरच्या सातआठ वर्षांत जवळजवळ दुप्पट झाले. मिनेसोटातील खाणकामगारांच्या वसाहतीत राहणारे चेझारे माँडावी हे आपल्या इटालियन बांधवांसाठी द्राक्षे खरेदी करण्यास कॅलिफोर्नियात गेले व पुढे तेथील लोडाय येथे स्थायिक होऊन द्राक्षे पाठविण्याचा व्यवसाय करू लागले. त्यांचे पुत्र रॉबर्ट यांनी १९६६ मध्ये सुरू केलेली वाइनरी जगप्रसिद्ध झाली.

भरभराटीचे दुष्परिणामही झाले. नाजूक सालीची उत्तम द्राक्षे दूरच्या प्रवासात टिकत नसत. म्हणून अनेक बागाईतदारांनी त्यांच्या जागी आलिकांते बूशे ही जाड सालीची, तांबड्या गराची जात लावली. तिचा रंग इतका गडद असे, की चोथ्यावर साखरपाणी ओतून पुन्हा आंबविले तरी तांबडी वाइन निघे. वाइनची प्रत मात्र सामान्यच राही. दशकाच्या मध्यास उत्पादन मागणीपेक्षा अधिक होऊन भाव कोसळले. तेव्हा बागाईतदारांनी फ्रूट इंडस्ट्रीज ही सहकारी संस्था स्थापन केली व केंद्र शासनाच्या कृषी मंडळाने तिला कर्ज दिले. संस्थेने १९३० मध्ये ‘व्हाइन-ग्लो’ या नावाचा संहत द्राक्षरस बाजारात आणला. संस्थेचा माणूस पिंप घरी आणून देई, किण्वन चालू करून देई आणि सु. ६० दिवसांनी परत येऊन वाइन बाटल्यांत भरून देई. संस्थेच्या कायदेविषयक सल्लागार मेबल वॉकर विलब्रांट या १९२१ ते १९२९ या काळात सहायक महान्यायवादी म्हणून दारूबंदीचे खटले चालविणाऱ्या अधिकारी होत्या. एकीकडे दारूबंदीची अंमलबजावणी करणारे आणि दुसरीकडे वाइनच्या कच्च्या मालास कर्ज देणारे शासन हा टीकेचा व विनोदाचा विषय झाला. १९३१ मध्ये कॅन्सस सिटी येथील संघीय न्यायालयाने अशाच प्रकारची सेवा देणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीविरुद्ध निर्णय दिला, तेव्हा व्हाइन-ग्लोची विक्री थांबविण्यात आली. गृहस्थाने स्वतः आंबविणे आणि व्यापाऱ्याने त्याच्या घरी येऊन आंबवून देणे, यांतील भेद न्यायालयाने महत्त्वाचा मानला.

या सवलतीने विषमताही निर्माण केली. फळांच्या रसाला सूट होती. माल्ट व धान्यापासून केलेल्या बिअरला नव्हती. त्यामुळे इटालियन कामगाराची वाइन कायद्याच्या आश्रयाखाली राहिली, तर त्याच्या शेजारच्या जर्मन किंवा आयरिश कामगाराची घरगुती बिअर गुन्हा ठरली. श्रीमंतांनी १९२० पूर्वीच तळघरे भरून ठेवली होती आणि ती बाळगणे वैध होते. कायदा सर्वांना सारखा नाही, ही भावना दारूबंदीविषयीचा आदर कमी होण्याचे एक प्रमुख कारण ठरली.

५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या दुरुस्तीने दारूबंदी उठली. मोडॅस्टो येथील द्राक्ष बागाईतदारांचे पुत्र एर्नेस्ट व जूलिओ गॅलो यांनी त्याच वर्षी वाइनरी काढली. वाइननिर्मितीची शास्त्रीय माहिती त्यांनी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात राहून गेलेल्या दारूबंदीपूर्व काळातील विद्यापीठीय पुस्तिकांतून मिळविली. तेरा वर्षांत ज्ञानाची परंपरा किती तुटली होती, याचे हे द्योतक होय. बॉल्टिमोरचे पत्रकार फिलिप वॅग्नर हे दारूबंदीच्या काळात हौसेने घरी वाइन करू लागले. त्यांनी १९३३ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले आणि पुढे फ्रेंच संकरित द्राक्षवेलींचा प्रसार करून पूर्व अमेरिकेतील वाइन-उद्योगास चालना दिली. घरगुती बिअरला मात्र कायदेशीर मान्यता मिळण्यास बराच काळ लागला. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वाक्षरी केलेल्या व १९७९ मध्ये अंमलात आलेल्या कायद्याने वाइन व बिअर या दोहोंसाठी समान मर्यादा ठरविली : एका प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन वा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन. घरगुती ऊर्ध्वपातनास या कायद्याने परवानगी दिली नाही.

मुंबई इलाखा व महाराष्ट्र : अमेरिकेने कच्चा माल मुक्त ठेवून घराकडे काणाडोळा केला, मुंबई इलाख्यात ब्रिटिश शासनाने याच्या उलट मार्ग धरला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील आदिवासी व अन्य ग्रामीण कुटुंबे मोहाची फुले आंबवून त्यांची दारू घरी गाळीत असत. ही दारू ऊर्ध्वपातित असल्याने वाइनहून भिन्न असली, तरी तिची निर्मिती वाइनप्रमाणेच घरगुती व हंगामी होती. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर निर्मिती व विक्री यांचे मक्ते देऊन महसूल वाढविण्याचे धोरण दृढ झाले. उरण येथील भट्ट्यांत मोहाची दारू मोठ्या प्रमाणावर तयार होई. मक्त्याच्या महाग दारूला घरच्या दारूची स्पर्धा होऊ नये म्हणून १८९२ च्या मोह कायद्याने (महुरा ॲक्ट) या दोन जिल्ह्यांत परवान्याविना मोहफुले बाळगण्यावर व त्यांच्या देवघेवीवर निर्बंध घातले. मोहफुले हे केवळ दारूचे साधन नव्हते. वाळविलेली फुले हा टंचाईच्या दिवसांत गरिबांचा आहार व गुरांचे खाद्य होते. महसुलासाठी घातलेल्या बंधनाचा फटका अशा रीतीने स्वयंपाकघराला बसला. ही दारू कमी पिण्यात यावी यापेक्षा ती सरकारी मक्त्यातून विकत घेतली जावी, हा या धोरणाचा मुख्य रोख होता.

स्वातंत्र्यानंतर धोरणाचे उद्दिष्ट पालटले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा पाया महसूल नसून संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही नमूद झालेले दारूबंदीचे ध्येय हा होता. त्यानुसार परवान्याविना मादक पेय तयार करणे हा अपराध ठरला. १९५१ मध्ये एफ. एन. बलसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांबाबतच्या काही तरतुदी अवैध ठरविल्या. कायद्याचा मुख्य भाग मात्र वैध मानला. वसई व मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन कुटुंबे, तसेच गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे नाताळसाठी मनुका, आले, जांभूळ, बीट इत्यादींची वाइन घरी करीत आली आहेत. अशा वाइनला केकबरोबर पाहुण्यांपुढे ठेवण्याच्या पदार्थाचे स्थान असते व कृती आईकडून मुलीकडे येते.

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगास उत्तेजन देणारे धोरण जाहीर केल्यावर नाशिक, पुणे व सांगली भागांत वाइनरींची वाढ झाली. मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध २०२१ मध्ये शिथिल करण्यात आले. १८९२ च्या कायद्याने फुलांवर जो संशय धरला होता, त्याचा अवशेष अशा रीतीने सु. १३० वर्षांनी दूर झाला.

मूल्यमापन : घरगुती मद्याचे समर्थन व विरोध या दोहोंना वास्तव आधार आहेत. अनियंत्रित मद्यपानाने कुटुंबांची, विशेषतः स्त्रिया व मुलांची, जी हानी होते, तीतूनच अमेरिकेतील व भारतातील दारूबंदीच्या चळवळी उभ्या राहिल्या. घरी तयार केलेले मद्य सौम्य असले, तरी ते निरुपद्रवी ठरतेच असे नाही. दुसऱ्या बाजूस, यीस्ट सर्वत्र असते व गोड रस आपोआप आंबतो. त्यामुळे घरगुती किण्वनास पूर्ण प्रतिबंध करू पाहणाऱ्या राज्याला घराची झडती तरी घ्यावी लागते, किंवा फळाफुलांवरच बंधन घालावे लागते. पहिल्या उपायाने खाजगी जीवनावर आक्रमण होते, तर दुसऱ्याने गरिबाचे अन्न हिरावले जाते. कौटिल्याच्या चार दिवसांच्या सवलतीपासून अमेरिकेच्या दोनशे गॅलनांपर्यंत ज्या मर्यादा आखल्या गेल्या, त्या या दोन टोकांमधील वाट शोधण्याचे प्रयत्न होत.